साडेतेवीस इंच

खट्ट! पोलादी टेप सुनेच्या हातून निसटून डबीत शिरली आणि खोलीत कोंडलेला श्वास सुटला.

बाईंनी मात्र हातातल्या जुन्या धनुष्याची दोरी सुटू दिली नाही. हनुवटीपर्यंत ओढलेली ती दोरी त्यांनी खांदा ठणकत असतानाही तसूतसूनं परत जागेवर नेली. बाण लावलेला नसताना दोरी सोडायची नाही, हे त्यांनी तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांच्या डोक्यात भरवलं होतं. घरातही सगळे त्यांना बाईच म्हणत, सूनसुद्धा.

“किती आली?”

“साडेपंचवीस,” सून म्हणाली.

पलंगावर दोन नवी धनुष्यं होती. एक सहासष्ट इंची, एक साठ. दुकानदारानं संध्याकाळपर्यंत विश्वासावर दिलेली; बसेल ते ठेवायचं, दुसरं परत. खांद्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले होते. दोरी पूर्वीइतकी मागे येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. किती कमी येईल, ते आज कळायचं होतं, आणि त्यावरच धनुष्याची लांबी ठरणार होती. आणि साठ इंची तर दुकानात पोरासोरांच्या रांगेत टांगलेलं. ते बाईंच्या हातात ठेवायचा सुनेला धीर होईना.

“मग मोठंच ठेवू,” ती घाईनं म्हणाली. “सवयीनं थोडं वाढेलही.”

“वाढेल? अगं, सत्तरीत माणसाचं काय वाढतं ते मला विचार. पोट आणि बडबड.” बाईंनी समोरच्या कपाटाच्या आरशाकडे मान उडवली. “परत मोज. आणि या खेपेला अंगठा मुठीपाशीच ठेव. मगाशी दोन इंच फिरायला गेला होता. सगळं दिसतं त्यात.”

सुनेचे कान तापले.

बाई पुन्हा उभ्या राहिल्या. धनुष्य धरलेला डावा हात कोपरात जरा मोडूनच राहत होता. दोरी मागे आली, थरथरली, हनुवटीला टेकली. सुनेनं दोरीपासून मुठीपर्यंत टेप ताणली, अंगठा रोवला.

“साडेतेवीस.”

“हां. आता बोललीस.” बाईंनी दोरी सावकाश परत नेली आणि सरळ पलंगावरचं साठ इंची उचललं.

“बाई, ते पोरांचं आहे हो.”

“पोरांचं नाही, साडेतेवीस इंचांचं आहे. अंथरूण पाहून पाय पसरतो ना, तसं हात पाहून धनुष्य. ते लांबडं माझ्या हातात पुरतं वाकणारच नाही. नुसतं जागं होईल नि परत झोपेल. बाण अर्ध्यात पडेल. मग मी म्हणणार, संपलं माझं.” त्या थांबल्या. “तुझ्या दोन इंचांच्या मायेपायी मी घरी बसले असते, पोरी.”

बाईंनी पाय रोवले, दोरी ओढली. धनुष्याची दोन्ही टोकं मागे आली, आणखी मागे आली, आणि ते आखूड लाकूड असं भरून वाकलं की जणू याच हातांसाठी घडवलं होतं. बाईंच्या कपाळावर घाम होता, पण नजर आरशापलीकडे कुठेतरी लांब लागली होती. या बाईंकडून आपण फक्त स्वयंपाकघर समजून घेतलं, सुनेच्या मनात आलं. उभं राहायचं कसं, ते शिकायचं राहिलंच.

दारातून सहा वर्षांची नात भिंगरी आपलं अठ्ठेचाळीस इंची धनुष्य घेऊन पळत आली. बाईंनी साठ इंची खाली ठेवलं तसं तिनं आपलं त्याच्या शेजारी लावलं आणि मधलं अंतर वितीनं मोजलं.

“आजी! आता तू माझ्यापेक्षा एवढीशीच मोठी!”

“एवढीशीच,” बाई हसल्या. “पुढच्या वर्षी त्याहून कमी. तुझे हात वाढतील, मग तुला हे घ्यायचं.”

भिंगरीनं दोन्ही धनुष्यांकडे नीट पाहिलं. मग बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि आईचा पदर ओढला.

“आई, मी आजीएवढी होईन ना, तेव्हा आजी केवढी असेल?”