नंदाखालची सुकेळी

एकुलता एक मुलगा ज्युड बायको रोवेनाला आणि लेकीला घेऊन टांझानियात मिशनरी म्हणून गेला, याचा बस्त्याव यांना राग होता. चार वर्षांनी तिघं सुट्टीवर नंदाखालला आली, तर बस्त्याव दारातच म्हणाले, "देवाचं काम कर बाबा. पण उन्हात सुकेळी करायची आपली विद्या माझ्याबरोबर मातीत जाणार."

ज्युडने पिशवीतून सुक्या पानात बांधलेली पुडी काढली. बस्त्याव यांनी वाळलेलं केळं चाखलं.

"कोणाच्या वाडीतलं रे?"

"तिकडच्या बायांनी केलंय, बाबा. मीच शिकवलं. आता चाळीस घरं करतात."

बस्त्याव बराच वेळ चघळत राहिले.

"एक ऊन कमी पडलंय. हे फोनवर सांगून नाही कळायचं. रोवेना, माझा पासपोर्ट काढायला टाक."