निळी मासोळी

आटपाडीच्या उन्हात सकाळी घातलेले पापड दुपारपर्यंत कडकडीत वाळत. पण चंदनानं जलरंगांत काढलेलं चित्र दुसऱ्या दिवशीही ओलंच होतं.

समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. पाठीवर पिसं असलेली, पोट फुगलेली ती निळी मासोळी तिनं मनानंच काढली होती. इतकं मनाजोगतं चित्र तिच्या हातून पहिल्यांदाच उतरलं होतं.

सासूबाईंनी कागद हुंगला. "खारा वास येतोय गं ह्याला."

चंदना वाकली आणि थबकली. मासोळीचं पोट सपाट झालं होतं. पिसांच्या आडोशाला तीन इवली पिल्लं होती.

"आई, ही मी न्हाई काढली."

"बाळंतीण हाय ती," सासूबाई हळूच म्हणाल्या. "उन्हातनं आत घे."

चंदनाला भ्यायला हवं होतं, पण तिला उलट घर भरल्यासारखं वाटलं. तिनं चित्र अलगद उचलून माजघरात सावलीला ठेवलं. पुन्हा पाहिलं, तर पिल्लं दोनच होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरात पाणी डुचमळलं आणि सासूबाईंचं हसू ऐकू आलं.

"अगं चंदना, एक इकडं हंड्यात आलंय. माझं बोटच सोडंना झालंय गं!"