कानातली बोली

यशोदा कोयंडेने भावाने जपून ठेवलेल्या जुन्या कॉमिकच्या पहिल्या अंकाचा फोटो नेटवर टाकला, आणि ऑनलाइन लिलाव करणाऱ्या दोन साइट्स हात धुऊन तिच्या मागे लागल्या. सकाळी मुंबईचा साइटवाला फोनवर हळूच म्हणाला, "आमचं कमिशन वीस टक्के. फक्त तुमच्यासाठी हं, दुसऱ्या कोणाला सांगू नका." दुपारी पुण्याच्या साइटवाल्यानेही तेच सांगितलं. वर म्हणाला, "लिलावातलं तुम्हाला काय कळणार, ताई? ते आमच्यावर सोडा."

तीस वर्षं मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या यशोदेला हे भलतंच झोंबलं. तिने शेजारच्या गंगूचा फोन मागून घेतला, दोघांनाही एकदमच फोन लावले आणि दोन्ही फोन स्पीकरवर टाकून पालथ्या टोपलीवर ठेवले.

"आमच्यात कानात सांगलेली बोली धरीत नाय. सगळ्यांसमोर बोला. वीस टक्के कमिशन. कमी कोण करता?"

भोवती मासेवाल्या बायका जमल्या.

"पंधरा," मुंबईवाला चाचरत म्हणाला.

"बारा!"

"दहा!"

"सात!" पुणेवाला ओरडला, आणि मग एकदम भानावर आला. "पण ताई, लिलाव तर आमच्या साइटवर होणार होता ना?"

"पुस्तकाचो थंयच होतलो," यशोदा म्हणाली. "हो तुमचो चल्लो आसा. सात टक्के, एक वार!"