उगवून आलेला अंगठा

मालन चौगुलेने उजवा अंगठा न्यायाधीशबाईंसमोर धरला. तो तान्ह्या बाळाच्या गालासारखा गुलाबी आणि मऊ होता.

"बघा, अंगठा जागेवर आहे," मालकाचे वकील म्हणाले. "पैंजणाच्या कारखान्यात प्रेसखाली गेला, मान्य. पण मालकांनी स्वखर्चाने दवाखान्यात तो पुन्हा उगवून घेतला. गेलेला अवयव परत आला, मग भरपाई कशाची?"

"ह्यो माझा न्हाई, बाईसाहेब," मालन म्हणाली. "माझ्या अंगठ्याला कामाचं वळण हुतं. ह्यो घुंगरू धराय गेला की घुंगरू सटकतंय. हात बसंपर्यंत मी खायाचं काय?"

"अहो, अंगठा तुमच्याच पेशींचा आहे. डॉक्टरांचा दाखला आहे ना!" वकिलांनी कागद पुढे धरला.

न्यायाधीशबाईंनी कायद्याचं पुस्तक चाळलं. वळण गेल्याची भरपाई कुठल्याच कलमात नव्हती. त्यांनी नाइलाजाने जबाबावर अंगठा घ्यायला सांगितलं.

शिरस्तेदाराने ओळख पटवायचं यंत्र पुढे सरकवलं. मालनने अंगठा टेकवला. तांबडा दिवा लागला. त्याने काच पुसून पुन्हा टेकवायला लावला. आता यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं, "हा अंगठा मालन चौगुले यांचा नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. वकिलांनी दाखल्याची घडी घातली. न्यायाधीशबाईंनी हसू दाबत ते वाक्य जसंच्या तसं निकालात घ्यायला सांगितलं.

मालनने पदर सावरला.

"मगाधरनं मी तरी दुसरं काय सांगाय लागलीया?"