आप्पांची फेरी

“आप्पा, थांबायचं न्हाई. चला,” हर्षदा म्हणाली आणि तिनं स्कूटीचा हॉर्न दाबला.

मल्हारीआप्पा पोस्टाच्या भिंतीला हात टेकून खाली बघत उभे होते. लेकीचा हॉर्न ऐकून निमूट चालायला लागले. पुढं बाप पायी, मागं लेक गाडीवर. शिरूरच्या पेठेला हा तमाशा आता सवयीचा झाला होता.

आप्पांची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ते ऐकून हर्षदाला मनातून उकळ्या फुटल्या. आप्पांच्या फ्लॅटमागंच कॉलेजचं मोकळं मैदान होतं, सकाळी तिथं चिटपाखरू नसायचं. पण तिथं ती त्यांना कशाला नेतीय? तिनं नेमकी पेठ धरली, तीही दुकानं उघडायच्या वेळेला. चारचौघांनी बघावं, हीच तर हौस.

कारण आप्पांनी एक वेळ मरण पत्करलं असतं, पण पायी चालताना कुणी बघायला नको. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. भांडगावच्या माळावरून कोकणात आणि कोकणातून माघारी, अनवाणी. वाटेवरच्या गावातली पोरं खिदळायची. पुढं ते सणसवाडीला कंपनीत लागले, शिरूरात फ्लॅट घेतला, दारात स्कूटर आणली आणि ठरवून टाकलं, की या घरातलं माणूस आता पायी हिंडणार नाही. आणि शब्द पाळला बरं का. कोपऱ्यावरचं दूध स्कूटरवर, गल्लीतलं देऊळ स्कूटरवर, हाकेच्या अंतरावरची पोरीची शाळा, तीही स्कूटरवर. सुट्टीला सगळं घर पाय वर घेऊन टीव्हीपुढं. चालणं म्हणजे दळिद्र आणि बसणं म्हणजे बरकत, अशी आप्पांची समजूत.

पण पोरीच्या अंगात वारं भरलेलं. घरी न सांगता ती खो-खो खेळली आणि जिल्ह्याच्या सामन्यांसाठी निवडली गेली. सामने दौंडला होते. त्या सकाळी शाळेची जीप दारात आली, आतून मुली हाका मारत होत्या. आप्पा फाटकात आडवे उभे राहिले. जीपमधल्या शाळेच्या बाईंना म्हणाले, “माझी पोरगी पळायची न्हाई. आमच्या सात पिढ्या पळाल्या, तेवढं बास.” जीप निघून गेली. हर्षदा पुन्हा कधी मैदानात उतरली नाही.

लग्न होऊन ती दोन गल्ल्या सोडूनच नांदायला गेली. अंगानं सुटली. तिशीत जिना चढताना धाप लागायला लागली. तिची पिंकी शाळेतून आली की रिमोट घेऊन जी बसायची, ती जेवायलासुद्धा उठायची नाही. या सगळ्याचं खापर हर्षदानं बापाच्या डोक्यावर फोडलं होतं. बापासोबत पायी चालायला तिच्या पायांत बळ तरी कुठं राहिलं होतं? म्हणून तर ती स्कूटीवर.

कापडवाले सोपानराव रोज दुकानातून विचारायचे, “काय मल्हारी, गाडी इकली का?” आप्पा मान खाली घालायचे. हर्षदाच्या जिवाला गार वाटायचं. आई एकदा काकुळतीला येऊन म्हणाली, अगं, मैदानात ने की त्यांला. त्यावर हर्षदानं एवढंच विचारलं, की मैदान मला कुणी बघू दिलं होतं?

डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं. साखरेनं तळपायांची जाणीव गेलीय, बूट घालूनच चालवा, रोज पाय बघा. हर्षदा बूट आणायचं आज-उद्यावर ढकलत होती. झिजलेल्या चपलेत म्हातारा अगदी मेंढक्या दिसतो, असं तिला वाटायचं. वाटू नये, पण वाटायचं आणि बरंही वाटायचं.

आज बाजार होता. पोस्टापासून जरा पुढं भाजीवाल्यांची रांग लागली, तशी रंगुबाई मेथीची जुडी टाकून उठली. “पोरी, डोळं फुटलं का तुझं? बापाच्या पायाकडं बघ की.”

हर्षदानं बघितलं. डांबरावर लाल ठसे उमटत होते. आप्पांच्या चपलेतून बाटलीची काच आरपार आत गेली होती. सगळी रांग उभी राहिली होती आणि आप्पांकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे बघत होते ते गाडीवर बसलेल्या लेकीकडं.

तिनं स्कूटी तशीच आडवी टाकली आणि पळत जाऊन त्यांचा दंड धरला. खाली बसा, खाली बसा, म्हणत राहिली. आप्पा बसेनात. कळलं नाही का तुम्हाला, असं तिनं विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “दुखलं न्हाई, पर दिसलं की. पोस्टापाशीच दिसलं.”

“मग सांगायचं न्हाई का मला?”

आप्पांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं.

“थांबू का, म्हणून कुठल्या तोंडानं इचारू? तुला थांबवलं, तवा म्या इचारलं व्हतं व्हय?”