टेकू

फोन वाजला तेव्हा मार्सी खोक्यावर चिकटपट्टी ओढत होती. पट्टीचं एक टोक दातात, दुसरं खोक्यावर आणि मांडीवर नुकती रांगायला लागलेली पोर. टेबलापलीकडे शेजारची रॉन्डा केळ्याच्या ब्रेडचा आणखी एक तुकडा कापत बसली होती. तिनेच हात लांबवून स्पीकरचं बटण दाबलं.

"सशावाली ना तू, बाळ?" पलीकडून एक म्हातारा, हसरा आवाज आला. "मी डेल्फीन क्रूगर, नेब्रास्काहून बोलतेय. लिलावात तुझा ससा मीच जिंकले."

मार्सीच्या दातांतून पट्टी सुटली.

ससा त्याच खोक्यात होता. राखाडी, मऊ, कानांना आतून साटीनचं अस्तर. कंपनीने आता बनवायचाच बंद केलेला. पोर व्हायच्या आधी कुणीतरी भेट दिलेला, पण पोरीने त्याला कधी जवळ केलं नव्हतं. लिलावाच्या मोठ्या साइटवर विकायचा तर मांडायचे पैसे वेगळे आणि विकल्याचे वेगळे. म्हणून रॉन्डाने तिला या फुकटच्या साइटवर आणलं. इथे दमडी लागत नव्हती, पण गिऱ्हाईकही फिरकत नव्हतं. विकणारेच एकमेकांचा माल बघत बसायचे आणि एकमेकांना टेकू द्यायचे. मी तुझ्या वस्तूवर खोटी बोली लावते, तू माझ्या. चुकून खोटीच बोली जिंकली तरी बिघडतंय काय? फुकटात पुन्हा मांडायचं.

सशावर एकच खरी बोली आली होती, पाच डॉलरची. ती बघून मार्सी स्वतः रॉन्डाच्या दारात गेली होती. "जरा टेकू देतेस?"

रॉन्डाने रविवारभर टेकू दिला. ससा एकेचाळीसला गेला.

"आजच पाठवते," मार्सी फोनकडे वाकून म्हणाली. "खोकं बांधतेच आहे."

"पाठव गं. नातवाचा अगदी तसाच होता. मोटेलच्या चादरींबरोबर धुवायला गेला तो गेलाच. तेव्हापासून पोरगं झोपेचं नाव घेत नाही. माझा मुलगा म्हणतो, आई, दुसरा कुठलाही आण, त्याला काय कळतंय. मी म्हटलं, तुला कळत नाही, त्याला कळतं."

मार्सीने पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"पण फोन त्यासाठी नाही केला," म्हातारीचा आवाज खाली आला. "ती दुसरी बाई होती ना, निळा बगळा नाव लावलेली."

रॉन्डाचा सुरीचा हात थांबला. साइटवरचा निळा बगळा म्हणजे तीच.

"रविवारी आम्ही दोघी हातघाईवर आलो होतो. मी वाढवले की ती वाढवायची. खोटं कशाला बोलू, मी तिला टवळीसुद्धा म्हटलं. मग चाळीसवर ती गप्प झाली. आणि मला जिंकल्याचा आनंदच होईना. एका सशासाठी एवढं कोण भांडतं, सांग? ज्याच्या घरात पोर रडतंय, तोच. मला निदान पेन्शन तरी आहे. तिच्याजवळचे संपले असणार."

'ठेव,' रॉन्डाने नुसते ओठ हलवले. 'ठेव फोन.'

"मिसेस क्रूगर, तुम्ही फार जास्त दिलेत," मार्सी म्हणाली. "मी थोडे परत पाठवते. खरंच. मला बरं वाटेल."

"वेडी का तू? लिलाव म्हणजे लिलाव. ऐक तर. मी आयुष्यभर लोकांचे पडदे शिवलेत. तू टाकलेल्या फोटोवरून कागदाचा ससा बेतून कापलाय, साटीनही घरात आहे. आणखी एक शिवते, त्या बाईसाठी. अगदी तसाच होईल असं नाही, पण पोराला काहीतरी मिळेल. तिचा पत्ता तुला दिसत असेल ना?"

"दिसत नाही म्हण," रॉन्डा कुजबुजली. "सरळ सांग, ती साइट कुणाचा पत्ता दाखवत नाही."

मार्सीने तिच्याकडे पाहिलं नाही. अशी कुणी बाईच नाही, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण बाई तर होती. ब्रेडचा तुकडा हातात धरून समोर बसली होती.

"मिसेस क्रूगर," ती म्हणाली, "त्या बाईला मूल नाहीये."

रॉन्डाने मान वर केली.

मार्सी फोनकडे बघत राहिली. आता म्हातारी विचारेल, मूल नाही तर मग ससा कशाला हवा होता. विचारू दे. विचारलं की सगळं सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पोरीने चिकटपट्टीचं रीळ खाली ढकललं तरी ती हलली नाही.

"हं," म्हातारी म्हणाली. "मूल नाही, आणि तरी दिवसभर भांडली." मग आणखी हळू, "मग तिला तर पाठवायलाच हवा. नातवाच्या सशाच्या कानावर मी दोऱ्याने त्याचं नाव भरणार आहे, तसं तिचंही भरते. काय नाव तिचं?"

टेबलापलीकडे सुरी हळूच खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"रॉन्डा," रॉन्डाच म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"रॉन्डा," फोनमधून म्हातारीने जपून म्हणून पाहिलं. "बरं झालं. छोटंसं आहे, एका कानावर मावेल."