सोळा पानं

वाङ्मयीन मासिकाचा अंक आला की संपादकांना पत्र लिहून होईपर्यंत नवरा त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस, पेन्सिलीशिवाय वाचायचाच नाही. या वेळी मात्र त्याने अंक आपणहून बायकोच्या हातात ठेवला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. अर्ध्यावर तिला मघाचीच कथा पुन्हा भेटली. बाइंडरने सोळा पानं चुकून दोनदा बांधली होती. हसून ती हाक मारणार, तोच नजर समासाकडे गेली. मघाच्या पानावर एका ओळीपुढे नवऱ्याने लिहिलं होतं, ‘असं पूर्वी कधीच वाचलं नव्हतं!’ इथेही त्याच ओळीपुढे तेच. दुसऱ्यांदा वाचताना त्याला पहिलं वाचन आठवलंच नव्हतं. खोडरबर शोधून ती दुसरा शेरा खोडू लागली. ‘राहू दे गं,’ नवरा दारातून म्हणाला. ‘मला तोंडाने सांगवेना. तुला सापडावं म्हणूनच दिला.’